खोक्यावरचं नाव माझं नव्हे

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. जुनं म्हणजे चांगलंच जुनं, हे पहिल्याच दमात सांगून टाकतो. कारण माझ्या खोक्यावर ‘एकदम नवीन’ असं छापलं होतं, आणि ते खोकं आठवलं की आजही मला शिसारी येते. शी! स्वतःच्याच खोक्याची किळस यावी अशी पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

तुमच्यापैकी कोणाला मी कोण ते ठाऊक नसेल तर सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात एक खाच असते, तिच्यात मला खोचतात. पडद्यावर तुम्हाला जे चित्र दिसतं ते रंगवून पाठवायचं काम माझं. तुम्ही खेळ खेळा, फोटो सुधारा नाहीतर न बांधलेलं घर पडद्यावर उभं करा, आत घाम गाळतो मी आणि ‘वा, काय पडदा आहे’ म्हणून कौतुक होतं पडद्याचं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार फार वेगळी आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसं पांढरे झगे घालून, तोंडं झाकून वावरायची. धुळीचा कण म्हणून दिसायचा नाही. तिथे माझ्या पोटात एक चिमुकली चिप बसवली आणि तिच्यात माझं नाव लिहिलं, माझी ताकद लिहिली, माझी स्मृती एक जीबी आहे हेही लिहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात आधी मला विचारतो, ‘कोण रे तू?’ मग मी त्या चिपमध्ये जे लिहिलंय ते वाचून दाखवतो. मला दुसरं काही सांगताच येत नाही. माझ्या जन्माची सगळी विटंबना झाली ती एवढ्याशा गोष्टीमुळे.

पहिली नोकरी मला हर्णे बंदरावर लागली. विठू नावाच्या फोटोवाल्याचा तिथे स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम, बारशाचे फोटो, नव्या होडीच्या पूजेचे फोटो, सगळं त्यानं माझ्याच जिवावर केलं. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या स्क्रूंना गंज चढला. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की वास थेट पंख्यातून आत यायचा. पण खरं सांगू? त्या वासाची मला कधी किळस आली नाही. तिथे बांगड्याला बांगडा म्हणायचे आणि सुरमईला सुरमई. आलेल्या गिऱ्हाइकाला विठू डबा उघडून मला दाखवायचा आणि म्हणायचा, “बारीक हाय, पन कामाला वाघ हाय माजा!” बारीक म्हटल्याचा मला राग नव्हता. होतोच मी बारीक. त्याच्या कामाला पुरेसा होतो, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

पुढे ज्याच्यात्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन आला. विठूचा स्टुडिओ बंद पडला आणि मी एका गोणत्यात जाऊन पडलो. तिथे पालीनं माझ्या पंख्यात अंडी घातली. झुरळांनी तर संसारच थाटला. ई! किती पावसाळे त्या गोणत्यात गेले, मला सांगता येणार नाही. शेवटी एक भंगारवाला आला, त्यानं गोणतंच्या गोणतं उचललं आणि मी मुंबईला पोचलो.

आता इथून पुढचं सांगताना माझी जीभ विटते. एका अंधाऱ्या गाळ्यात माझ्यासारखी ढिगानं कार्डं पडली होती. एका माणसानं मला थिनरमध्ये बुचकळून घासलं. माझ्यावरचं जुनं नाव खरवडून काढलं. माझा इमानी एक पंखा काढून तिथे दोन पंख्यांचं चकचकीत झाकण बसवलं, त्यात लाल-निळे दिवे. लग्नातल्या घोड्याला सजवतात तसं मला सजवलं. इथवर मी सोसलंही असतं. पण मग त्यानं मला यंत्राला जोडून माझ्या पोटातल्या चिपमधलं नाव पुसलं आणि तिथे दुसऱ्याच कार्डाचं नाव लिहिलं. माझ्यापेक्षा कितीतरी नव्या, कितीतरी दमदार कार्डाचं. स्मृती एक जीबीची चार जीबी करून टाकली. केली म्हणजे काय, नुसती लिहिली! कॉम्प्युटरनं विचारलं, ‘कोण रे तू?’ आणि माझ्या तोंडून ते परकं नाव बाहेर पडलं. थू! त्या दिवसापासून मी ज्याच्याशी बोललो त्याच्याशी खोटंच बोललो.

मग मला खोक्यात घातलं. खोक्यावर आग ओकणारा राक्षस, ‘चार जीबी’ आणि ‘एकदम नवीन’. अशा थाटात मी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन फळीवर बसलो. दुकान मितेश नावाच्या तरुणाचं होतं. मला उघडून बघायची तसदी त्यानं घेतली नाही. स्वस्तात लॉट मिळाला, घेतला, लावला फळीवर.

चैत्र संपत आला होता. एके दिवशी दुकानात बाप-लेक आले. बाप म्हणजे हरिहरराव, आंब्याच्या बागेचे मालक. गोरापान, उंच माणूस, आवाज असा की बागेच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जावा. लेक स्वानंदी, एकुलती एक. ती घरांची चित्रं करायला शिकली होती. म्हणजे अजून पायाही खणलेला नसताना बंगल्यातून फेरफटका मारून आणायचा, अशी चित्रफीत. पुण्याच्या एका कंपनीनं तिला चाचणीचं काम दिलं होतं. एका बंगल्याची चित्रफीत सोमवारपर्यंत करून पाठवायची. ती पसंत पडली तर नोकरी, आणि तीही घरी बसून.

“मला पुण्याला जायचं नाहीये हो, मितेशदादा,” ती म्हणाली, “मला इथेच राहायचंय. म्हणून हा घरचा कॉम्प्युटर. बाकी सगळं जुळलंय, फक्त कार्ड राहिलंय.”

पोरगी तयारीनं आली होती. तिनं एका साध्या तपकिरी खोक्याकडे बोट दाखवलं. त्यातलं कार्ड छोटंसं, एका पंख्याचं, ना दिवे ना राक्षस. ती वडलांना समजावू लागली. आपल्या कॉम्प्युटरला हेच चालेल, याला वेगळी वीज लागत नाही, माझं सॉफ्टवेअर हे ओळखतं, पक्की पावती मिळते, तीन वर्षं बिघडलं तर बदलून देतात. खालच्या किमतीतल्या कार्डांत याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही. मी फळीवरून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हेच घे गो बाय, हेच घे.

हरिहररावांनी ते तपकिरी खोकं हातात घेतलं, खालीवर केलं आणि परत ठेवलं. “एवढीशी पेटी? हिच्यात काय माल असणार?” मग त्यांची नजर माझ्यावर गेली. “आणि ती वरची काढा बघू, ती राक्षसवाली.”

मितेशनं मला खाली काढलं. हरिहररावांनी माझ्या खोक्यावर टिचकी मारली, कोपरे दाबले, छपाईवरून अंगठा फिरवला आणि, मित्रांनो, चक्क खोक्याचा वास घेतला. आंब्याची पेटी घेतल्यासारखा!

“ही भारदस्त आहे. जीबीही भरपूर नि त्याच्यापेक्षा स्वस्त. काय रे मितेश, बरी आहे ना?”

“चालू माल आहे काका. कालच चार गेले.”

“बाबा, याला पावती नाही. आणि एवढ्या स्वस्तात हे कसं देतात?” स्वानंदी कुरकुरली.

“अगो, पेटी बघून माल ओळखण्यात हयात गेली माझी. तू मला शिकवतेस?” हरिहरराव हसले. “बापानं लेकीला हौसेनं काहीतरी घेऊन द्यायचं, तर त्यातही हिचा अभ्यास!”

तिनं खोक्यावरचं नाव पुन्हा वाचलं. नाव चांगल्याच कार्डाचं होतं, तिनंही त्याचा विचार केला होताच. वडील हौसेनं घेतायत, चारचौघांत त्यांचं मन कशाला मोडा, असं तिला वाटलं असणार. ती “बरं बाबा” म्हणाली. मला ओरडायचं होतं. पण मला आवाज कुठला? मला जे विचाराल ते चिपमध्ये वाचून सांगायचं, एवढंच मला येतं, आणि चिपमध्ये तर तो गाळेवाला बसलेला!

घरी माझं काय स्वागत झालं म्हणून सांगू! पडवीच्या टोकाला खिडकीपाशी टेबल मांडलं होतं. हरिहररावांनी स्वतः विजेचं बटण बसवून घेतलं होतं. स्वानंदीच्या आईनं, कुसुमताईंनी, डब्याला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वर अर्धा नारळ ठेवला. त्याचं पाणी गळून आत आलं असतं तर तिथेच माझा निकाल लागला असता. पण त्या माउलीनं हात जोडून “पोरीला इथंच राहू दे रे बाबा” म्हटलं तेव्हा मला इतकी लाज वाटली की तो नारळ सांडला असता तर बरं झालं असतं.

आता ती पडवी. मित्रांनो, आंब्याच्या दिवसांत ती पडवी म्हणजे पेट्यांचं कोठार. पेंढ्याचा भुगा माझ्या पंख्यात, पिकत्या आंब्याचा घमघमाट माझ्या अंगावर. सुरुवातीला मला वाटलं, चला, खऱ्या मालाच्या घरात आलो. एकदा पहाटे फटफटायला लागलं आणि दारात टेंपो उभा राहिला. त्यातून घाटापलीकडचे आंबे उतरले. यंदा तर अवकाळीनं मोहोरही गळाला होता, बागेत आंबा थोडा होता आणि मागणी मात्र दांडगी. हरिहरराव, कुसुमताई आणि दोन कामाच्या बाया पेट्या भरायला बसल्या. खाली परका आंबा, मधे परक्यात चार-दोन बागेतले, त्यावर पेंढा आणि सगळ्यात वर बागेतल्या आंब्यांचा एक देखणा थर. पेटीवर छाप, ‘अस्सल रत्नागिरी हापूस, आमच्याच बागेतला’.

मी बघतच राहिलो. शी, शी, शी! म्हणजे इथेही तेच! तो घाटापलीकडचा आंबा काही वाईट नव्हता हो. त्याच्या गावात त्याला त्याच्या नावानं खाल्लं असतं तर लोकांनी बोटं चाटली असती. इथे मात्र त्याला दुसऱ्याचं नाव घेऊन पेंढ्याखाली लपून बसायचं होतं. मला त्याची दया आली आणि त्या पेटीची ओकारी.

याहून भयंकर पुढेच होतं. हरिहरराव हात पुसत लेकीकडे आले. “स्वानंदी, तुझ्या कॉम्प्युटरवर पेटीसाठी झकास लेबल करून दे बघू. लोकांची नजर ठरली पाहिजे.”

आणि तिनं करून दिलं! हसत हसत. पेट्यांत काय भरतात ते ती जन्मापासून बघत आली होती. तिला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं, जसं आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही. ते लेबल रंगवलं कोणी? मी! नव्या घरात माझ्या हातून झालेलं पहिलं काम ते. खोट्या कार्डानं खोट्या पेटीचं लेबल रंगवलं. सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात पान, आणि ‘अस्सल’ हा शब्द सगळ्यात मोठा.

मग तिनं बंगला उभारायला घेतला. भिंती उभ्या केल्या, जिना केला, तोवर मी कसाबसा रेटत होतो. शुक्रवारी तिनं लाकडाचे रंग भरले, जांभ्या दगडाचं जोतं केलं, अंगणात झाडं लावली, काचांत आभाळ दिसेल असं केलं. सॉफ्टवेअर मला म्हणालं, ‘तुझ्याकडे चार जीबी आहेत ना? घे.’ आणि ओतलं सगळं माझ्यावर. माझ्याकडे जागा एकाची! उरलेलं कुठे ठेवू? बंगल्याच्या भिंती झाडांत शिरल्या, आभाळ जिन्यावर सांडलं, पडदा हिरवा-जांभळा झाला आणि मग काळा ठिक्कर.

पोरीनं पुन्हा केलं. पुन्हा काळा. शनिवारी तिनं झाडं काढून टाकली, तरी काळा. रविवारी सकाळी ती रडायच्या बेतात आली होती. कुसुमताई चहाचा कप घेऊन मागे उभ्या, त्यांचाही चेहरा उतरलेला.

“उद्या द्यायचंय आई. हे नाही झालं तर ती माणसं दुसऱ्या कोणाला घेतील. मग पुण्यात जाऊन दारोदार फिरायचं मी.”

“अगो, पण नवंच आहे ना ते?”

त्या ‘नवंच’वर स्वानंदी थबकली. तिनं कार्डांची ओळख पटवणारा एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. ही एक भली वस्तू आहे, मित्रांनो. ती माझी लिहिलेली चिप वाचत नाही, सरळ माझ्या मुख्य चिपला हात घालते. आणि पडद्यावर माझं नाव आलं. माझं! हर्णे बंदरावरचं, विठूच्या स्टुडिओतलं, खरं नाव. शेजारी लाल अक्षरांत, ‘बनावट’.

मला हुंदका आला. स्वानंदीला संताप आला. दोघांचंही बरोबरच होतं.

हरिहररावांनी ते वाचलं आणि त्यांचा पारा असा चढला की पडवीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. “फसवणूक! दिवसाढवळ्या! माझ्या पोरीच्या पोटावर पाय? उभा चिरतो त्या मितेशला!” मला उपटून खोक्यात कोंबलं आणि बाप-लेक पुन्हा दुकानात.

मी खोक्यात होतो, दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. हरिहररावांनी दुकान डोक्यावर घेतलं. चोर म्हणाले, लफंगा म्हणाले, पोलिसांत देतो म्हणाले. मितेश आधी चाचरला. “काका, मलाही असाच बंद आला हो. मी कुठे उघडून बघतो? वरून जसा येतो तसा देतो.”

“ते मला सांगू नकोस! पैसे परत दे.”

“खोललेला माल परत नाही काका. सगळीकडे तसंच असतं.”

“कुठल्या जगात असतं रे?”

मितेशनं माझं खोकं बाजूला सारलं. मग तो बोलला, अगदी शांतपणे. “तुमच्याकडे असतं. गेल्या वर्षी माझ्या ताईच्या सासरी तुमची पेटी पाठवली होती. वरचा थर फर्मास, खालचे आंबे कुठले ते देवाला ठाऊक. ताईला तिकडे नाही नाही ते ऐकावं लागलं. मी पेटी परत घेऊन आलो तुमच्या दारात. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? ‘खोललेली पेटी परत नाही.’”

दुकानात कोणीतरी फिदकन हसलं.  मला दोघांचीही सारखीच किळस आली. बहिणीचा अपमान झाला म्हणून याला राग, लेकीचं काम बुडालं म्हणून त्याला राग. आणि दोघंही उद्या सकाळी पुन्हा तोच धंदा करायला मोकळे!

“चला बाबा,” स्वानंदी म्हणाली. 

घरी आल्यावर हरिहररावांनी मला टेबलावर ठेवलं, माझ्या खोक्याचे कोपरे नीट केले, आणि मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात ओंगळ वाक्य ते बोलले. “मांडवीचा सोनू त्याच्या पोरीसाठी कॉम्प्युटर जमवतोय. त्याला देऊन टाकू हे. खोकं तर शाबूत आहे. होडीवरचा माणूस, त्याला काय कळतंय?”

सोनू त्यांच्या ओळखीचा खलाशी. त्याची रुचिरा अकरावीला होती, आणि स्वानंदीकडे अधूनमधून अभ्यासाला यायची.

“बाबा, शरम वाटते का हो थोडी?” स्वानंदी इतकी मोठ्यानं ओरडली की कुसुमताई स्वयंपाकघरातून धावत आल्या. “आत्ता, आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही त्याला चोर म्हणालात ना?”

“सगळेच करतात गो…”

“हो. मीसुद्धा केलं. ते लेबल मी केलंय. ‘अस्सल’! माझ्याच हातानं.” तिनं पेटीवरचं लेबल ओरबाडून काढलं आणि त्याचा बोळा केला. “मला आज कळलं, पेटी उघडल्यावर घेणाऱ्याला काय वाटतं ते.”

हरिहरराव माजघरात निघून गेले. स्वानंदीनं डोळे पुसले आणि कंपनीच्या मनस्विनी मॅडमना फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, बनावट कार्डासकट. मला परत खाचेत खोचून अर्धवट बंगला जसा होता तसा पाठवून दिला. पलीकडून मॅडमचा आवाज आला, “काम छान आहे तुझं. पण घरून काम करायचं तर मशीन भरवशाचं हवं, ही आमची अट आहे. तू असं कर, इथे ऑफिसला ये. मशीन आमचं. या आठवड्यातच ये, नाहीतर मला दुसऱ्या कोणाला बोलवावं लागेल.”

म्हणजे नोकरी मिळाली, आणि घर सुटलं. फोन ठेवल्यावर कुसुमताई देवापाशी जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

जायच्या आधी स्वानंदीनं माझ्यावर एक उपकार केला. एक अख्खी दुपार बसून तिनं माझ्या चिपमधलं ते परकं नाव पुसलं आणि माझं खरं नाव भरलं. एक जीबी म्हणजे एक जीबी. मग कॉम्प्युटर सुरू केला. त्यानं विचारलं, ‘कोण रे तू?’ आणि मी सांगितलं! किती वर्षांनी सांगितलं! ते दिवेवालं झाकण तिनं काढून फेकलं, पंखे तेवढे ठेवले, राक्षसाचं खोकं चुलीत घातलं आणि मला खिडकीच्या फळीवर उन्हात ठेवलं. रुचिराला बोलावून तिनं सांगितलं, “हे जुनं आहे, बारीक आहे, तुझ्या अभ्यासापुरतं चालेल. नको असेल तर नको म्हण.” रुचिरा म्हणाली, “चालेल की ताई. अभ्यासालाच हवंय.” दोन दिवसांनी ती मला न्यायला येणार आहे.

काल स्वानंदी गेली. रिक्षा दारात उभी होती. कुसुमताईंनी डब्यात काय काय बांधून दिलं होतं. हरिहरराव तीन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते. ते पडवीत आले, रचलेल्या पेट्यांतली एक उचलली आणि तिच्यापुढे धरली. “ऑफिसात वाट. पहिल्यांदा जाते आहेस, रिकाम्या हातानं जाऊ नये.”

स्वानंदीनं पेटीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. “बाबा, यातले आपले किती?”

रिक्षावाला बाहेर हॉर्न देत होता. हरिहररावांनी पेटी खाली ठेवली. सुतळी सोडली. वरचा थर बाजूला काढला, पेंढा उचलला, आणि खालचा एकेक आंबा हातात घेऊन नुसत्या देठाकडे बघून वेगळा करू लागले. त्यांचा हात एकदाही अडला नाही. इतकं नेमकं कळत होतं त्यांना! परके आंबे जमिनीवर मांडले आणि आपले तेवढे परत पेटीत ठेवले. पेटी निम्मीही भरली नाही. त्यांनी वर पेंढा घातला, सुतळी बांधली आणि मान वर न करता ती पेटी लेकीच्या हातात दिली.

“आता हलकी आहे,” ते म्हणाले.

स्वानंदी वाकून पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढवेना. मित्रांनो, त्या घटकेला मला त्या माणसाबद्दल खरोखर माया वाटली. वाटलं, चला, सुधारलं हे घर.

रिक्षा वळणाआड गेली. हरिहरराव पडवीत परत आले. जमिनीवर मांडलेल्या त्या परक्या आंब्यांकडे पाहत जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी एक रिकामी पेटी ओढली आणि ते आंबे तिच्यात भरायला घेतले. त्यावर पेंढा. त्यावर बागेतल्या आंब्यांचा थर. त्यावर लेकीनं केलेलं सोनेरी लेबल.

कुसुमताई दारातून बघत होत्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “ही पेटी कोणाच्या घरी जायची?”

“मला काय ठाऊक? टेंपो आलाय बाहेर,” असं म्हणून त्यांनी सुतळीची गाठ आवळली.

थू! यापुढे मला बोलवत नाही. मित्रांनो, तुमच्यापाशी माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला पुसा, जपा, झेपेल तेवढं काम द्या आणि खुशाल ‘जुनी’ म्हणा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर पोटच्या पोरीला देताना जशी निवडून द्याल, तशीच द्या.